निधान म्हणजे सावकाश

रविवार जवळ आला की आमच्या कॉमर्सच्या वर्गात शेवटच्या दोन बाकांवर एकच चर्चा असते : उद्या गाडी कुठे काढायची? कोणी आंबोली म्हणतो, कोणी चोर्ला म्हणतो, कोणी तिलारी. ज्याच्याकडे स्वतःची मोटारसायकल नाही तो सर्वांत मोठ्याने बोलतो. गेल्या पावसाळ्यात हा वाद बराच रंगला आणि निकालासाठी माझ्याकडे आला. माझे वडील मालाची पिकअप चालवतात, तेव्हा बेळगावातून बाहेर पडणारा प्रत्येक रस्ता मला पाठ असणार, असा मित्रांचा समज आहे. त्या वेळी मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. फिरायला चांगला रस्ता कोणता, आणि चांगला म्हणजे नेमका कोणाला? मासिकासाठी लेख मागितला गेला तेव्हा म्हटले, राहिलेला निकाल लेखीच देऊन टाकावा.

आधी आमच्या शहापुराविषयी दोन शब्द. शहापूर आणि बेळगाव आज एकमेकांत इतकी मिसळली आहेत की नवख्या माणसाला सांधा सापडत नाही. पण संस्थानी काळात शहापूर सांगलीकर पटवर्धनांचे होते आणि बेळगाव इंग्रजांचे. म्हणजे घरून चालत निघालेला माणूस थोड्याच वेळात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊन भाजी घेऊन परत येत असे. आजही तऱ्हा तीच आहे, फक्त अंतर वाढले आहे. शिनोळीला पोहोचले की महाराष्ट्र, घाट उतरला की गोवा. आमच्याकडे नुसते फिरायला जायचे म्हटले तरी सीमा ओलांडावी लागते, आणि रस्त्याकडेच्या पाट्या मध्येच लिपी बदलतात.

या पाट्यांनी मला कन्नड वाचायला शिकवले. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. गल्लीत कन्नड बोलत होतोच. शाळेत तो एक विषयही होता. पण अक्षर लावून, धडपडत वाचण्याचा खरा सराव झाला तो सुट्टीत अप्पांच्या गाडीत बसून. घाटाच्या अलीकडे एक पाटी असे : ‘निधानवागि चलिसि’. मराठीत निधान म्हणजे ठेवा, खजिना. मला वाटले, पुढे जंगलात कुठेतरी हंडा पुरलेला आहे आणि सरकारनेच तशी पाटी लावली आहे. मी अप्पांना विचारले. ते गिअर बदलता बदलता म्हणाले, “निधान म्हंजे सावकाश रे. शाळेत काय शिकवत्यात की तुला!”

दुसरी पाटी त्याहून गमतीची होती : ‘अवसरवे अपघातक्के कारण’. मराठी अवसर म्हणजे सवड, संधी. सवड हे अपघाताचे कारण कसे, हे काही केल्या उलगडेना. कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई, हे पुढे कळले. कन्नड विभागातल्या मित्रांनी यावर हसू नये. दोन्ही भाषांनी शब्द एकाच ठिकाणाहून उचलले आणि आपापल्या सोयीने वापरले, त्याला माझा इलाज नाही. आणि खरे सांगायचे तर, सवड हेही अपघाताचे कारण असू शकते, हे मला पुढे पटले. ते ओघाने येईल.

आता रस्त्यांचा निकाल. पुणे-बेंगळूर महामार्गावर मी फार शाई खर्च करणार नाही. निपाणीच्या अलीकडचा तवंदीचा घाट सोडला तर तो पोहोचण्याचा रस्ता आहे, हिंडण्याचा नाही. मात्र निपाणीजवळून जाताना एक गोष्ट आठवावी. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मागणारे शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली याच महामार्गावर दिवसेंदिवस ठाण मांडून बसले होते, आणि एप्रिलमध्ये झालेल्या पोलीस गोळीबारात त्यांच्यातले काही जण मारले गेले. गाडीचा काटा नव्वदवर असताना हे आमच्यापैकी किती जणांच्या मनात येते? माझ्याही येत नसे. अप्पांनी एकदा सांगितले म्हणून कळले.

खानापूरचा रस्ता माझ्या लहानपणी झाडांच्या सावलीतून जात असे. चौपदरीकरणात ती झाडे गेली. वेळ वाचतो, हे कबूल केले पाहिजे. पण जमा-खर्चाच्या वहीत वाचलेली मिनिटे जमेला येतात आणि गेलेली सावली कोणत्याच बाजूला दिसत नाही, हा हिशेब मला कॉमर्स शिकूनही जमलेला नाही. पुढे लोंढा, रामनगर करत अनमोड घाट उतरला की मोलेमचे रान लागते. रान देखणे आहे. रस्त्याची प्रकृती मात्र नाजूक. जुलै २०२५ मध्ये तिथे गोव्याच्या बाजूला रस्त्याचा एक भाग खचला आणि मालवाहू गाड्यांची पंचाईत झाली.

आंबोलीचा मान मोठा आहे आणि तो दिलाच पाहिजे. इंग्रजांच्या काळात बेळगावच्या छावणीला लागणारा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरे आणि बैलगाड्यांतून घाट चढून वर येई. आंबोली हा त्या वाटेवरचा मुक्काम होता. १८८७ मध्ये बेळगावला आगगाडी आली आणि वेंगुर्ल्याचे महत्त्व हळूहळू ओसरले. राहिला तो रस्ता. त्या घाटातून जाताना एक गोष्ट जाणवते. चढ कुठेही एकदम अंगावर येत नाही. थोडे चढायचे, वळायचे, पुन्हा थोडे चढायचे. भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलाला जेवढा दम धरवतो तेवढाच चढ, असा तो हिशेब आहे. ज्याला आपण आज निसर्गरम्य वळण म्हणतो ते बैलाला श्वास घ्यायला मिळावे म्हणून काढलेले आहे. आमच्या भागातला एकही घाट रस्ता कोणी देखावा बघण्यासाठी बांधलेला नाही. सगळे मालासाठी झाले. शोभा ही वरकड.

पण आंबोलीला रविवारी जाऊ नये. जुलै-ऑगस्टमध्ये मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची रांग, भज्यांच्या गाड्या, मोठ्याने लावलेली गाणी आणि उघड्या अंगाने रस्त्यावर नाचणारे वीर, असा सारा थाट असतो. कावळेसादच्या कठड्यावर चढून बसणारेही याच जमातीतले. जवळच हिरण्यकेशी उगम पावते. तिथे सापडलेल्या एका दुर्मिळ माशामुळे २०२१ साली महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसा म्हणून जाहीर केली. धबधब्यात नाचणाऱ्या किती जणांनी ते पाणी पाहिले असेल? सोमवारी, तास बुडवून, तेही दसऱ्यानंतर गेलात तर आंबोलीसारखे ठिकाण नाही. (तास बुडवण्याविषयीचे वाक्य प्राध्यापकांनी वाचले नाही असे समजावे.)

माझा कौल चोर्ल्याला आहे. पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडून उजवीकडे वळले की नावगे, किणये अशी आपली ओळखीची गावे लागतात. भाताची, रताळ्याची शेते, दारात बांधलेल्या म्हशी. कुसमळीला मलप्रभा ओलांडायची. जांबोटीनंतर शेते मागे पडतात आणि रान दोन्ही बाजूंनी जवळ येते. डावीकडे आत भीमगडचे जंगल आहे, २०११ साली अभयारण्य झालेले. रात्री या टप्प्यावर गवे रस्त्यावर उभे असतात. गव्याला हॉर्न दिलेला आवडत नाही. दिवा मंद करून थांबायचे, तो त्याच्या सवडीने जातो. मग कणकुंबी. इथे मलप्रभेचा उगम आहे. ती पूर्वेला वळून कृष्णेकडे जाते, आणि थोड्याच अंतरावर पडलेला दुसरा थेंब ओढ्याने म्हादईला मिळून गोव्याच्या समुद्राला जातो. याच पाण्यावरून राज्याराज्यांत भांडण लागले, लवादाने २०१८ साली निवाडा दिला, तरी ते मिटलेले नाही. आपण मात्र त्या दोन पाण्यांच्या मधल्या उंचवट्यावरून जात असतो आणि चाकाखाली ते कळतही नाही.

कणकुंबीपुढे पठार मोकळे होते. पावसाळ्यात धुके असे उतरते की गाडीचे नाकदेखील दिसू नये. आणि मग घाट सुरू होतो. एका वळणावर धुके फाटते आणि खाली अंजुणे धरणाचे पाणी, त्यापलीकडे सत्तरीची हिरवी गर्दी एकदम समोर येते. मी आजवर तो देखावा कितीतरी वेळा पाहिला, पण तो कोणत्या वळणावर दिसेल हे मला आधी कधीच सांगता आलेले नाही.

आता त्या रस्त्याची दुसरी बाजू. गोव्याच्या बाजारात जी भाजी विकली जाते तिच्यातली पुष्कळशी बेळगावहून जाते. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा गोव्याच्या स्वयंपाकघरांना ते चांगलेच कळले. आमची पिकअप त्याच कामावर आहे. रात्री कोबी, फ्लॉवर, ढबू मिरची, टोमॅटोचे क्रेट भरायचे, एकच्या सुमारास निघायचे, उजाडायच्या आत म्हापशाला माल उतरवायचा. अप्पा पंधरा वर्षे हे करत आहेत. म्हणजे आमच्या वर्गातले मित्र ज्या रस्त्यासाठी आठवडाभर बेत करतात, तो रस्ता अप्पा आठवड्यातून पाच वेळा जातात, आणि तो त्यांना दिसतो फक्त दिव्याच्या झोतापुरता. परतताना ऊन असते. पण रात्रभर जागलेल्या माणसाची नजर रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर खिळलेली असते. दरीकडे बघणारा ड्रायव्हर आपण ठेवत नाही, असे त्यांचे पहिले मालक सांगत असत, म्हणे. अप्पांनी ते फारच मनावर घेतले.

घाट उतरण्याचा त्यांचा नियम साधा आहे : ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर, ब्रेकच्या जिवावर उतरू नको. ब्रेक तापला की तो आपला राहत नाही. हा नियम ते पंधरा वर्षे पाळत आले आणि म्हणूनच दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये थोडक्यात निभावले.

त्या दिवशी माल भरायला उशीर झाला होता. घाटात पोहोचेपर्यंत उजाडले होते. एका वळणाच्या अगदी पोटात एक मोटार उभी होती, चारही दारे उघडी, आणि चार-पाच तरुण मुलेमुली डोंगरावरून येणाऱ्या पाण्याचे फोटो काढत होती. त्यांना सवड होती, आणि जागा सुंदर होती. अप्पांनी गाडी दरीकडे न घेता डोंगराकडे घातली. पिकअप गटारात उतरून खडकाला टेकली. टोमॅटो रस्ताभर झाले. अप्पांचे उजवे मनगट मोडले.

इथे मी त्या मुलांवर तोंडसुख घेईन अशी वाचकांची अपेक्षा असेल, पण तसे करता येत नाही. ती पळून गेली नाहीत. अप्पांना त्यांनीच आपल्या मोटारीत घालून खाली दवाखान्यात नेले, मला फोन केला आणि मी येईपर्यंत थांबली. त्यांतला एक तर आमच्यासारखाच कॉमर्सचा निघाला. वळणात गाडी उभी करू नये हे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. त्या महिन्याचा गाडीचा हप्ता सोसायटीचे कर्ज काढून भरला. दोन महिने काकांनी गाडी चालवली आणि मी शेजारी बसून जागा राहिलो. सकाळी वर्गात मी झोपत असे तो त्या काळातला. संबंधित प्राध्यापकांची या निमित्ताने क्षमा मागतो.

तेव्हापासून घरात एक वाद चालू आहे. अप्पा म्हणतात, घाट रुंद करा, वळणे काढून टाका. मी म्हणतो, वळणे काढली तर तो घाट राहणार नाही. एकदा ते म्हणाले, “तुला वळण आवडतंय, कारण तुझ्या पाठीमागं दीड टन माल नसतोय.” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही पुरते नाही.

अमेरिकेत ब्लू रिज पार्कवे म्हणून एक रस्ता आहे. १९३५ साली काम सुरू झाले आणि शेवटचा तुकडा १९८७ साली जोडला गेला. सुमारे साडेसातशे किलोमीटरचा हा रस्ता डोंगरांच्या कण्यावरून केवळ मौजेने मोटार चालवता यावी म्हणून आखलेला. वेगाची मर्यादा ताशी बहात्तर किलोमीटरच्या आसपास, जागोजागी गाडी बाजूला घेऊन दरी पाहायला राखलेल्या जागा, आणि मालवाहू गाड्यांना मज्जाव. हे वाचले तेव्हा पहिल्यांदा हेवा वाटला. मग लक्षात आले की त्या रस्त्यावर अप्पांना कोणी सोडणार नाही. सुंदर रस्ता एकीकडे आणि पोटाचा रस्ता दुसरीकडे, एवढी श्रीमंती आपल्यापाशी नाही. आपल्याकडे एकाच अरुंद डांबरावर दोघांनी जायचे आहे.

म्हणून माझे मत असे आहे, आणि ते मी घरातही मांडले आहे. सपाटीवरचे रस्ते रुंद करा. पण तोडलेल्या झाडांच्या जागी झाडे लावून ती जगवा, नुसता फलक लावू नका. घाटाची वळणे सरळ करू नका. सरळ केलेल्या उतारावर तीच मोटार साठऐवजी शंभरने सुटेल आणि नव्याने कापलेला डोंगर पहिल्याच मोठ्या पावसात खाली येईल. त्याऐवजी दरीच्या बाजूला मजबूत कठडे बांधा, रात्री चमकणाऱ्या खुणा लावा, पावसाआधी गटारे उपसा. आणि जिथून देखावा दिसतो तिथे, वळणापासून दूर, दहा गाड्या उभ्या राहतील एवढी जागा काढून द्या. माणूस सुंदर जागी थांबणारच. त्याला दंड करून काही होत नाही. त्याला थांबायला जागा हवी.

एक भाग आमच्या पिढीचा आहे. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची, हा कायद्याचा नियम आहे, सौजन्य नव्हे. आमच्या वर्गातल्या मोटारसायकलस्वारांना विचारले, तेव्हा तो दोघांनाच माहीत होता. आणि पहाटेचा घाट मालगाड्यांना मोकळा ठेवावा. देखावा आठ वाजताही तिथेच असतो. कोबी थांबत नाही.

अप्पांनी हे सगळे ऐकून घेतले. कठड्याचे तेवढे पटले म्हणाले.

अप्पांचा हात गळ्यात असतानाची एक गोष्ट सांगायची राहिली. ऑक्टोबरात एका रविवारी आईने कणकुंबीच्या माउलीची ओटी भरायची काढली. मामांची मोटार मागून आणली. माझा परवाना नवा होता, तरी मी चालवायला बसलो आणि अप्पा आयुष्यात पहिल्यांदा त्या रस्त्यावर डाव्या बाजूला बसले. जांबोटीपर्यंत त्यांचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता. देवीचे दर्शन झाल्यावर मी म्हटले, आलोच आहोत तर घाटाच्या तोंडापर्यंत जाऊ. मनात असे होते की पंधरा वर्षांत जे त्यांना बघायला मिळाले नाही ते आज निवांत दाखवावे.

ऊन स्वच्छ होते. रस्त्याकडेला रुंद जागा पाहून गाडी उभी केली. आई उतरून हरखून गेली. तिने पदर डोक्यावर घेऊन दरीलाच नमस्कार केला. अप्पा पुढे गेले, कठड्याला डावा हात टेकवून त्यांनी खाली पाहिले. बराच वेळ पाहत राहिले. धरणाचे पाणी चमकत होते. मी जवळ गेलो तेव्हा ते म्हणाले, “एवढं खोल हाय की रे हे.”

मग थोड्या वेळाने, “उगंच आणलंस बघ.”

परतताना ते काही बोलले नाहीत. प्लास्टर निघाल्यावर पहिले आठ-दहा दिवस त्यांनी सगळा घाट दुसऱ्या गिअरात उतरवला. म्हापशाला माल उशिरा पोहोचे आणि दलाल फोनवर ओरडे. नंतर हात सरावला. आता गाडी पूर्वीच्या वेळेवर पोहोचते. दोन महिन्यांपूर्वी मला वीस पूर्ण झाली आणि मालाच्या गाडीचा परवाना मिळाला, तेव्हापासून शनिवारी रात्री मी चालवतो आणि ते शेजारी बसतात. रविवारी सकाळी रिकामी गाडी वर आली की त्या रुंद जागी आम्ही थांबतो. थर्मासमधला चहा अप्पा तिथे उभ्यानेच घेतात, दरीकडे पाठ करून.